रूपजी अजून जुळला नाय

रूपजी माणसाला नाव विचारायच्या आधी तोंड उघडायला सांगतो.

"जरा आ कर," म्हणतो. समोर शाळेचा मास्तर असो, तलाठी असो, नाहीतर पाड्यावर पहिल्यांदा आलेला कुणाचा जावई असो. आणि लोक आ करतात, ह्याचं मला इतक्या वर्षांनी अजून नवल वाटतं. रूपजी मान तिरकी करून आत बघतो. खालच्या ओठाला अंगठा लावायला जातो, तेवढ्यात त्याला आठवतं की समोर बैल नाही, आणि हात मागे घेतो. मग सांगतो, "एकतीस. फार तर बत्तीस. डाव्या अंगानं खातोस. नीट चावत नाय, गिळतोस." आणि तो माणूस खरंच एकतीसचा निघतो आणि खरंच डाव्या अंगाने खात असतो.

एकदा तलासरीला बँकेत साहेबाने त्याला वय विचारलं. ह्याने उत्तर दिलं नाही. काउंटरच्या काचेला तोंड लावून आ केला. मागे रांगेत मी होतो. मी दोन पावलं मागे सरकलो आणि ह्याला ओळखत नसल्यासारखा भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसलो.

रूपजी बैलांचा दलाल. होता, असं म्हणायला पाहिजे, कारण आता आमच्याकडे नांगराला ट्रॅक्टर येतो आणि ट्रॅक्टरला दात नसतात. पण तीस-पस्तीस वर्षं ह्या माणसाने तलासरीपासून सायवनपर्यंत आणि पलीकडे गुजरातच्या हद्दीतपण बैलांच्या जोड्या लावून दिल्या. उंची बघायची, शिंगं बघायची, चाल बघायची, आणि डावा-उजवा जुळवायचा. हजार जोड्या जुळवल्या असतील. स्वतःची राहिली. लग्न केलंच नाही. विचारलं तर म्हणतो, "मला पसंत पडली तिनं आ केला नाय."

ज्यांनी बैल पाळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैलाचं वय कागदावर नसतं, दातात असतं. दुधाचे दात पडून पुढचे दोन मोठे आले की तो दोन दाती. मग चार दाती, मग सहा दाती. आठही आले की म्हणायचं, बैल जुळला. जुळलेला बैल पुऱ्या वयात आलेला असतो, नांगराला अजून पुष्कळ वर्षं चालतो, पण भावाची चढण तिथे संपली. दोन दाती बैलाकडे गिऱ्हाईक आशेने बघतं, जुळलेल्याकडे हिशेबाने बघतं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

रूपजीचा धंद्यात एक नियम होता. "खोट आधी, भाव नंतर." बैल लाथ मारत असेल, पाण्याला बिचकत असेल, उजव्या खांद्याला जुनी जखम असेल, तर हा ते आधी सांगायचा आणि मग किंमत. दुसरे दलाल ह्याला हसायचे. म्हाताऱ्या बैलाच्या दातांना कानस मारून, घासून, त्याला तरणा म्हणून विकणारे पुष्कळ होते. रूपजीने कानस हातात धरली नाही. सौदे मोडायचे त्याचे. पण हद्दीवरच्या अच्छाडच्या नाक्यावरून पलीकडची माणसं विचारत यायची, तो खोट सांगणारा दलाल कुठे राहतो.

त्याच अच्छाडला एका ढाब्यावर हा संध्याकाळी जाऊन बसायचा. ट्रकवाले जेवायला उतरले की त्यांचे दात बघून वय सांगायचं. बरोबर निघालं तर चहा त्यांचा, चुकलं तर ह्याचा. ह्याने स्वतःच्या पैशाने चहा प्यालेला मी फक्त एकदा बघितला. तो ड्रायव्हर कवळी लावणारा निघाला. रूपजी महिनाभर म्हणत होता, "फसवणूक आहे ही. खोट आधी सांगायला पाहिजे होती त्यानं."

आता, दुसऱ्याचं तोंड बघणाऱ्या ह्या माणसाचं स्वतःचं तोंड म्हणजे बाजार सुटल्यावरची फाटकापाशी झालेली गर्दी. वरचे दोन दात एकमेकांवर चढलेले. खालचे पुढचे चार असे एकमेकांना ढुशा देत उभे, की मधे काडी जायची नाही. त्यातला एक तर रागावून आत तोंड करून बसलेला, तो दिवसभर जिभेला घासायचा. जिभेला तिथे कायम फोड. खालच्या हिरड्या लाल. दातण केलं की रक्त थुंकायचा आणि वर सांगायचा, "पान खाल्लंय."

ह्याला तोंडावर बोलणारं पाड्यात एकच माणूस होतं. मंजी. माझी बायको.

मंजीने त्याला एकदाही आ करून दाखवला नाही. "भावजी, दुसऱ्याच्या गोठ्यात काय बघता? आधी स्वतःचं तोंड बघा. ती जिभेची फोड डॉक्टरला दाखवून या," असं ती दर आठवड्याला म्हणायची. रूपजी चहा ओतून घेत म्हणायचा, "जातो वहिनी, होळी होऊ दे." होळी झाली की, "दिवाळी होऊ दे." मंजीचं वय त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. तसं ते मलापण कळलं नाही. आमच्यात बायका वय सांगत नाहीत आणि तिच्या बापाने लिहून ठेवलं नव्हतं.

मंजीला जाऊन आता दोन वर्षं होतील. ताप आला, तलासरीला नेली, पुढे वापीला नेली, आणि आणली ती तशी आणली. ह्यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही. मी चौथी शिकलोय.

मला रडता आलं नाही. मी बसलो. ओटीवर खांबाला पाठ लावून बसलो तो बसलोच. सून ताट ठेवायची, ताट उचलायची. पोरगा कामाला जाताना बघून जायचा आणि येताना बघायचा, मी तिथेच. माणसं बोलायला यायची आणि खांबाशी बोलून जायची. दोन महिने मी अंगणाबाहेर गेलो नाही.

रूपजी रोज सकाळी यायचा. बोलायचा काही नाही. माझ्या काखेत हात घालून मला उभा करायचा, अंगणात दोन फेऱ्या मारायला लावायचा, आणि परत आणून बसवायचा. पण सकाळी ज्या अंगावर टेकलो होतो तिकडे नाही, दुसऱ्या अंगाला वळवून बसवायचा. मला वाटायचं, ह्याला आता बाजार नाही, करमत नाही, म्हणून येतो. मी शिव्यापण दिल्या. त्याने ऐकल्या नाहीत. बैलाच्या शिव्या कोण ऐकतं.

एक दिवस मला उभा करून त्याने परत बसवलं नाही. "पायात घाल काहीतरी," म्हणाला. "डहाणूला जायचंय. वहिनीनं सांगितलेलं ते राहिलंय."

"मग जा ना."

"एकटा जाणार नाय. मला भीती वाटते."

हा माणूस मारक्या बैलाचं शिंग धरून त्याला जमिनीला टेकवणारा. पण मंजीचं नाव घेतलं होतं. मी चपला घातल्या.

डहाणूला स्टेशनच्या बाजूला एक दातांचा दवाखाना आहे. डॉक्टर म्हणजे एक तरणी पोर, घरात गुजराती, पण मराठी आपल्यासारखी बोलणारी. रूपजी तिला बेन म्हणायला लागला आणि मग मीपण. तिने ह्याला त्या झोपायच्या खुर्चीत बसवलं, दिवा तोंडावर आणला आणि म्हणाली, "आ करा काका."

रूपजीने तोंड घट्ट मिटलं.

त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी आ कर म्हटलं होतं. सगळ्या तालुक्याला आ करायला लावणारा माणूस ओठ दाबून छताकडे बघत पडला. बेनने दोनदा सांगितलं. मी सांगितलं. शेवटी तो दातांच्या फटीतून म्हणाला, "आधी तुमचं दाखवा."

मला वाटलं, आता ही आम्हाला बाहेर काढणार. पण त्या पोरीने तोंडावरची पट्टी खाली घेतली आणि हसून आ केला. रूपजी अर्धा उठला, दिवा स्वतःच्या हाताने तिच्याकडे वळवला, आणि बघून म्हणाला, "अठ्ठावीस. मालात खोट नाय." मग आडवा झाला आणि तोंड उघडलं.

बेनने बराच वेळ बघितलं. फोटो काढला, हाडाचा. मग समजावून सांगितलं. दात नुसते दिसायला वाकडे नाहीत. गर्दी आहे तिथे ब्रश पोचत नाही, अन्न अडकून कुजतं, म्हणून हिरड्या सुजतात आणि रक्त येतं. अजून काही वर्षं असंच गेलं तर चांगले दातसुद्धा हलायला लागतील. आणि आत वळलेला दात जिभेला घासतोय, ती जखम अशी ठेवून चालणार नाही. एक तर तो दात काढायचा, नाहीतर तार लावून सगळे दात जागेवर आणायचे. वय झालंय, सावकाश होईल, पण हाड चांगलं आहे.

"काढायचा नाय," रूपजी म्हणाला. "दात पडलेल्या बैलाला विचारत नाय कुणी. तार लावा. पण वरच्याला कशाला? नुसती खाली लावा."

"वरचे पण वाकडे आहेत ना काका."

"बैलाला वर पुढचे दात नसतातच. त्याचं काय अडलं?"

बेनने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दलाल आहे." तिला त्यावरून काय समजलं देव जाणे, पण तिने मान हलवली. मग त्याला धीर द्यावा म्हणून म्हणाली, "घाबरू नका. दीड वर्षात बघा, तुमचे सगळे दात कसे छान जुळतील."

रूपजी खुर्चीतून उतरला. छातीवर बांधलेल्या कागदासकट दाराकडे चालू लागला.

"जुळतील तर नको," म्हणाला. "मी अजून जुळलो नाय आणि मला जुळायचं नाय."

मग मला त्या पोरीला दोन दाती, चार दाती, सहा दाती सगळं सांगावं लागलं. दोन महिन्यांत मी एवढं एकदम बोललो नव्हतो. ती आणि तिच्या हाताखालची बाई, दोघी भिंतीला टेकून हसल्या. पण शहाणी पोर. दाराशी जाऊन ह्याला म्हणाली, "काका, जुळणार नाहीत. फक्त सरळ होतील." रूपजीने विचार केला आणि परत येऊन आडवा झाला.

मग ती म्हणाली की जागा करायला दातांच्या मधे जरा घासावं लागेल. रूपजी परत उठला. "कानस?" म्हणाला. त्यावर अर्धा तास गेला.

शेवटी पैशाची गोष्ट निघाली. बैलबाजारात सौदा तोंडाने करत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकतात आणि आतल्या आत बोटं दाबून आकडा सांगतात. बाजूच्याला कळत नाही. बेनने आकडा सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात रूपजीने खांद्यावरचा टॉवेल तिच्या हातावर टाकला, आत हात घातला आणि तिची तीन बोटं दाबली. ती पोर दगडासारखी उभी. मी म्हटलं, "बेन, घाबरू नका. कमी करा म्हणतोय." तिने टॉवेलाखाली काय दाबलं ते मला आजपर्यंत माहीत नाही. पण रूपजी खूश होऊन म्हणाला, "पोर बाजारात शोभली असती."

तर अशी पासष्टीच्या पुढच्या रूपजीच्या तोंडात तार लागली.

पाड्यात जत्रा भरली. पोरं सकाळी त्याच्या अंगणात गोळा व्हायची, कारण तो तासभर दात घासायचा. बेनने त्याला बाटली धुवायच्या ब्रशाचं पिल्लू असावं असा एक बारीक ब्रश दिला होता, तारेच्या आत घालून फिरवायला. हा उकिडवा बसून, आरसा खुंट्याला अडकवून, एकेक फट साफ करायचा. त्याच्या दारात बैल बांधायचा खुंटा आहे. बैल वीस वर्षांत नाही, पण खुंट्याचं दावं तो दरवर्षी नवीन वळतो. का, ते मी विचारलेलं नाही.

खाण्याचे हाल झाले. ऊस बंद, भाजलेला चणा बंद, मटणाचं हाड बंद. "मळणीच्या बैलाला मुसकं बांधतात तसं बांधलंय मला," असं सगळ्यांना सांगायचा. "समोर दाणे, तोंडाला जाळी." भाकरी दुधात कुस्करून खायचा. पण त्या तारेवर बसवायला रबराच्या बारीक कड्या असतात, त्यांचा रंग आपण सांगायचा, हे त्याला कळलं तेव्हापासून सुतक संपलं. दिवाळीला शिंगं रंगवतो तसा दर महिन्याला रंग ठरवायचा. एसटीत वाद. "ह्या खेपेला हिरवा." मी म्हणायचो, "म्हाताऱ्या, भगवा घाल नाहीतर काळा घाल, ओठ मिटला की सगळा अंधारच." तो म्हणायचा, "मिटतो कोण?" आणि खरंच मिटेनासा झाला. जन्मभर ओठ आवळून हसणारा माणूस, आता तोंडात गुलाबी कड्या घालून नाक्यावर उभा राहायचा आणि ओळख नसलेल्यालासुद्धा आ करून दाखवायचा. कुणी वय विचारलं की, "सहा दाती. अजून जुळलो नाय."

जिभेची फोड तीन-चार महिन्यांत गेली. रक्त थांबलं. हे मंजीला सांगायला पाहिजे होतं.

दर महिन्याला तार आवळायला जायचं आणि दर महिन्याला मी बरोबर. "एकटा जाणार नाय," हे त्याचं ठरलेलं. दवाखान्यातून निघालं की समुद्रावर जायचं, सुरूच्या झाडांखाली बाकड्यावर बसायचं. तो चहात खारी बुडवायचा आणि मी त्याच्या कानाशी शेंगदाणे कडाकडा चावायचो. पहिले तीन-चार महिने मी नुसता चावायचो. मग थोडं बोलायला लागलो. पाऊस, भात, सून मीठ कमी घालते. एकदा मंजीबद्दल बोललो. ती लग्न होऊन आली तेव्हा डहाणूला समुद्र बघायचा म्हणून हट्ट धरून बसली होती आणि मी तिला चार वर्षांनी आणली, असं काहीतरी. किती वेळ बोललो ध्यानात नाही. एसटी चुकली. रूपजी मधे एक शब्द बोलला नाही, आणि न बोलणं त्याच्या जातकुळीतलं नाही.

असं करता करता दीड वर्ष झालं, त्यावर आणखी महिने झाले. मी काही मोजलं नाही.

मागच्या खेपेला रूपजी फोटो काढायला आतल्या खोलीत गेला तेव्हा बेन बाहेर आली आणि माझ्या बाजूला बसली.

"काका, तुम्ही तरी त्यांना समजवा," म्हणाली. "चार महिने झाले, तार काढायची वेळ होऊन गेली. दर वेळी म्हणतात, बेन, अजून एक महिना ठेव. दात सरळ झाले आहेत. आता तार नुसती ठेवून नुकसान आहे. तारेच्या कडेने कीड धरते. हिरड्या परत सुजायला लागल्यात त्यांच्या, मी आज बघितलं."

"घाबरट आहे तो," मी म्हटलं. "एकटा इथपर्यंत येत नाही."

"एकटे येतात की," बेन म्हणाली. "तार टोचली तेव्हा दोनदा आले होते. एकदा कडी निघाली तेव्हा. एकटेच आले होते."

रूपजी आतून बाहेर आला. आम्ही निघालो. समुद्रावर गेलो, बाकड्यावर बसलो, चहा आला. मग मी म्हटलं, "खोट आधी, भाव नंतर. हे कुणाचं बोलणं?"

"माझं."

"मग?"

त्याने खारी चहात धरली होती. ती तशीच धरून समुद्राकडे बघत राहिला. "बेननं सांगितलं?"

"चार महिने झाले म्हणे तुझे दात जुळून."

"हळू बोल," तो म्हणाला आणि त्याने आजूबाजूला बघितलं, जसं काही गिऱ्हाईक उभं आहे.

"हळू का बोलू? हिरड्या सडवून घ्यायच्यात? मंजीनं कशासाठी पाठवलेला तुला? खोटारड्या. म्हणे एकट्याला भीती वाटते. तीनदा एकटा आलास ना?"

खारी तुटून चहात बुडाली. तो बोटाने ती काढायचा प्रयत्न करत बसला. मला इतका राग आला होता की मी शेंगदाण्याची पुडी त्याच्या मांडीवर टाकली. तो ते चावू शकत नाही हे माहीत असून टाकली.

त्याने बोट पुसलं आणि म्हणाला, "बसलेलं जनावर तुला माहीत आहे ना?"

शेतकऱ्याला विचारायची गोष्ट आहे का ही. बैल आजारातून उठतो, पण कधी कधी बसतो तो बसतोच. रोग नसतो, पण उठत नाही. मग त्याला पोटाखाली बांबू घालून चार माणसांनी उभा करायचा, दोन पावलं चालवायचा, परत बसवताना दुसऱ्या अंगावर बसवायचा. नाहीतर एका अंगावर पडून पडून तो मरतो.

"माहीत आहे," मी म्हटलं.

"लोक घाई करतात," रूपजी म्हणाला. "एक दिवस आपल्या पायानं उठला की बांबू सोडतात. म्हणतात, झालं, उठला. तसं नसतं. दुसऱ्या दिवशी बसतो, मग उठत नाय. पुष्कळ दिवस लावून धरावं लागतं."

मी चहाचा कप बाकड्यावर ठेवला.

"महिन्याचा एक दिवस तू सकाळी आपला आपण आंघोळ करून, चपला घालून तयार असतोस. बाकीचे दिवस मी येईपर्यंत खांबाला. तार सुटली की ह्या दिवसाचं काय करायचं, ते मला सुचत नव्हतं."

"मी बैल आहे?"

"आ कर," तो म्हणाला.

पन्नास वर्षांची ओळख, पण मलापण त्याने कधी आ करायला लावला नव्हता. मंजीने नाही केला म्हणून मीपण नाही. मी आ केला. त्याने मान तिरकी करून बराच वेळ बघितलं. अंगठा माझ्या खालच्या ओठाला लावला आणि ह्या वेळी मागे घेतला नाही.

"खोट नाय," म्हणाला. "पण बसतोस अजून."

मग चमच्याने खारीचा चिखल खात, चहाच्या कपाकडे बघूनच म्हणाला, "आणि मला तरी दुसरं काय काम आहे."

मी शेंगदाण्याची पुडी उचलून परत माझ्याकडे घेतली. एक एक सोलून सालं वाळूत टाकत राहिलो. मग म्हटलं, "मंगळवारी तार काढायची. बेनला सांगून आलोय." सांगून आलो नव्हतो. पण खोटं बोलायचा त्याचा एकट्याचा मक्ता नाही.

मंगळवारी मी सकाळी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. तो खुंट्याच्या आरशापुढे ब्रश फिरवत होता. मला आरशात बघितलं आणि वळून बघितलं नाही. "आलास?" म्हणाला. "आलोय म्हणून तर दिसतोय," मी म्हटलं.

तार काढायला वेळ लागला नाही. कट कट आवाज, मग घासणं. ह्या वेळी कानशीबद्दल तो काही बोलला नाही. बेनने हातात आरसा दिला. त्याने दुसऱ्याचं तोंड बघावं तसं मान तिरकी करून स्वतःचं बघितलं, मग आरसा बाजूला ठेवला आणि मला म्हणाला, "तू बघ. तू सांग."

मी बघितलं. दोरी धरून भाताची लावणी केल्यासारखे दात. एकसुद्धा रांगेबाहेर नाही.

"जुळला," मी म्हटलं.

"झालं," रूपजी म्हणाला. "आता उतार."

पण बेन म्हणाली, काम संपलं नाही. तिने एक पारदर्शक पट्टी दिली, रात्री झोपताना दातांवर बसवायची. नाही बसवली तर दात हळूहळू परत आपल्या जुन्या जागेवर पळतात. रूपजी खुर्चीत ताठ बसला.

"जुळलेले परत सुटतात?"

"सुटतात ना काका. जुळले तरी सांभाळावे लागतात."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही हा शोध त्याचाच. "ऐकलंस?" मग बेनला विचारलं, "म्हणजे महिन्यानं दाखवायला यायचं?"

"महिन्याने नको. तीन महिन्यांनी या. मग सहा."

त्याचं तोंड मिटलं. एवढे सरळ दात, आणि मिटलं.

एसटीत खिडकीला तो, बाजूला मी. गाडी डहाणू सोडून चिकूच्या वाड्यांमधून निघाली. तो पट्टीची डबी मांडीवर धरून बसला होता. मी त्याच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला, त्याच्या उजव्या हातावर टाकला, आत हात घातला आणि एक बोट दाबलं. महिन्यातून एकदा.

त्याने चमकून माझ्याकडे बघितलं. मग त्याच्यातला दलाल जागा झाला. तोंड वाकडं करून मान हलवली, नाय जमत. मी दोन बोटं दाबली. तो खिडकीबाहेर बघायला लागला, दुसरं गिऱ्हाईक येतंय अशासारखा. मी तीन केली. त्याने आतून माझी चार दाबली. दर आठवड्याला.

"जायचं कुठे पण?" मी म्हटलं.

"तोंडानं बोलायचं नाय," तो म्हणाला. "सौद्यात तोंडानं बोलत नाय."

मग मी चार सोडून त्याचा अख्खा पंजा धरला.

"आजोबा, तिकीट," कंडक्टर येऊन म्हणाला. तो टॉवेलाकडे बघत होता. रूपजी सगळे दात दाखवून हसला. माझा खिसा उजवीकडे आणि उजवा हात अडकलेला.

"पुढची तिकिटं फाडून ये," मी म्हटलं. "सौदा चाललाय."